बटणं कापलेला फ्रॉक

"उभी राहा. आणि मोठ्याने म्हण, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल."

बाई असं म्हणाल्या आणि मी उभी राहिले. मुलुंड पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंच्या हॉलमध्ये. टेबलाभोवती खुर्च्यांवर त्यांची मुलगी मेधा, माझ्याच वर्गातली, आणि शेजारच्या बिल्डिंगमधली दोन मुलं. मी खाली, स्वयंपाकघराच्या दाराशी, सतरंजीच्या तुकड्यावर. नववीत होते. अंगात निळा फ्रॉक, पुढून बटणांचा, कॉलरवाला. हा फ्रॉक आधी मेधाचा होता. आणि आत मोरीत माझी आई त्या घराची भांडी घासत होती.

मेधाने नुकतंच वाक्य केलं होतं. माझ्याकडे बोट दाखवून. "दिस इज द गर्ल टू हूम आय गेव्ह माय फ्रॉक." ही ती मुलगी, जिला मी माझा फ्रॉक दिला.

दोन्ही मुलं हसली. बाई हसल्या नाहीत. बाई खूश झाल्या. ते हसण्यापेक्षा वाईट होतं.

"वा. टू आधी, हूम नंतर. बघा, डोळ्यांसमोरचं उदाहरण घेतलं की कसं चटकन जमतं. आता तू कर गं. तुझ्या बाजूने. दिस इज द गर्ल फ्रॉम हूम आय गॉट माय फ्रॉक. मेधाकडे बोट दाखवून म्हण."

मी बोट दाखवलं. म्हटलं. बाई म्हणाल्या, "फ्राम नव्हे, फ्रॉम. ओठ गोल कर." मी पुन्हा म्हटलं. मग त्या मुलांतला एक म्हणाला, "बाई, ती हूमला हम म्हणतेय." पुन्हा म्हणायला लावलं. ज्या मुलीकडून मला माझा फ्रॉक मिळाला. ज्या मुलीकडून. ज्या मुलीकडून. आतून भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. आईला इंग्रजी येत नव्हतं. पण फ्रॉक हा शब्द तिला येत होता, आणि हसणं कुठल्या जातीचं आहे हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

थोड्या वेळाने आवाज पुन्हा सुरू झाला.

बाई आमच्याच शाळेत इंग्रजी शिकवायच्या. शाळा मराठी माध्यमाची. इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं आणि दहावीला आमचा जीव घ्यायचं. मिठागराच्या बाजूला आमची वस्ती होती, सगळी बौद्धांची घरं. तिथे इंग्रजीत गळालेल्या पोरांनी एक आख्खी गल्ली भरली असती. गणितात हुशार, चित्रकलेत हुशार, सगळ्यात हुशार, आणि इंग्रजीत नापास म्हणून आग्रा रोडवरच्या कारखान्यात हेल्पर. पोरी असतील तर सोसायट्यांमध्ये भांडी. मला ते नको होतं. माझ्या आईला तर माझ्यापेक्षा जास्त नको होतं. म्हणून तिने एके दिवशी बाईंना विचारलं. शब्द टाकून विचारलं, आणि आई कुणापुढे शब्द टाकणारी नव्हती.

बाई म्हणाल्या, "येऊ दे की. फी वगैरे काही नको. फक्त रविवारी गहू निवडून देत जा म्हणावं तिला. आणि कपडे-बिपडे वाळत घालायचे असले तर हात लावेल."

एवढ्यावर सौदा झाला. बाई त्याला फुकट शिकवणं म्हणत. सगळ्यांना सांगत. दूधवाल्यालासुद्धा सांगितलेलं मी ऐकलं आहे. शिकवणी चालू असताना मध्येच हाक यायची, "अगं, दोरीवरचे कपडे काढ जरा," की मी उठायचे. परत येईपर्यंत एखादा नियम होऊन गेलेला असायचा. तो मी मेधाला विचारायचा नाही असं ठरवलं होतं.

बाई शिकवायच्या मात्र छान. हे मी खोटं बोलणार नाही. त्यांची एक पद्धत होती. पुस्तकातली वाक्यं त्यांना आवडत नसत. खोलीत दिसेल त्याच्यावर वाक्य करायचं. त्याला त्या जिवंत वाक्य म्हणत. मराठीत आपण म्हणतो, ज्या खुर्चीवर बाबा बसतात ती खुर्ची. आपला 'वर' खुर्चीच्या मागे चिकटलेला. इंग्रजीत तो सोडवायचा आणि विचच्या आधी आणून ठेवायचा. द चेअर ऑन विच बाबा सिट्स. आणि मग शेवटी पुन्हा 'ऑन इट' लावायचं नाही, एकदा वर बसलं की बसलं. ज्या खिडकीतून डोंगर दिसतो ती खिडकी. ज्या डब्यात साखर असते तो डबा. मला ते पटकन समजलं. घरी जाताना मी रस्त्यावर वाक्यं करत जायचे. ज्या नळावर आम्ही पाणी भरतो तो नळ. ज्या गल्लीत आम्ही राहतो ती गल्ली. मला मजा यायची. मग वस्तू संपल्या आणि माणसं आली. विच जाऊन हूम आलं. आणि त्या खोलीत वाक्य करण्याजोगं माणूस मी एकटीच निघाले.

फ्रॉकचं सांगायला हवं. तो बाईंनी दिवाळीत दिला. आमच्या घरात दिवाळी होत नाही, हे आईने त्यांना सांगितलं होतं. "तुमच्यात नसेल, आमच्यात असते ना," असं म्हणून त्यांनी पिशवी आईच्या हातात दिली. आणि म्हणाल्या, "बटणं काढून घेतलीत हं मी. मोत्यासारखी छान होती. कुठेतरी लागतील."

घरी आईने फ्रॉक उलगडला. पुढे सगळीकडे कापलेले दोरे. बटणांच्या जागी निळा रंग गडद राहिला होता, बाकीचा फ्रॉक विटलेला. बटणं काढून ठेवायची सवय आमच्या घरातही होती. जुना शर्ट फडकं झाला की आई आधी बटणं काढायची. पण ते फडक्यासाठी. माणसाच्या अंगावर जाणाऱ्या कपड्याची बटणं कुणी काढत नाही. पोरीने उघड्या छातीने फिरायचं का? ज्याने हे केलं त्याला तो फ्रॉक कुणाच्या अंगावर जाणार हे माहीत होतं, आणि तरीही कात्री चालली. कात्री चालली कारण आम्ही त्यांच्या हिशेबी फडक्याच्या जवळचे होतो.

बापाचा एक पांढरा शर्ट होता, दरवर्षी एप्रिलमध्ये जयंतीला घालायचा. तो कॉलरला विरला होता. आईने त्याची बटणं काढली आणि माझ्या फ्रॉकला लावली. पांढऱ्या शर्टाची बारीक बटणं, निळ्या फ्रॉकवर. काजं मोठी, बटणं लहान. सारखी सुटायची. मी सारखी लावायचे.

त्या दिवशी वाक्य झाल्यावर, घरी जाताना आईने विचारलं, "काय हसत व्हती गं ती पोरं? फ्रॉक फ्रॉक म्हनत व्हती."

मी सांगितलं. मराठी करून सांगितलं.

चालता चालता आई म्हणाली, "बोलू दे. त्यांचं तोंड, आपलं शिक्षान. दहावी होस्तोवर दातावर दात ठिवून बस."

मला तिचा राग आला. बाईंचा आला होता त्यापेक्षा जास्त आला. आज मला कळतं की ती काय तोलत होती. पण राग आला होता तो आला होता.

मी दातावर दात ठेवून बसले. पण बाईंना ते वाक्य इतकं आवडलं होतं की दुसऱ्याच दिवशी त्यांनी ते शाळेत फळ्यावर लिहिलं. आमच्या वर्गात, सगळ्यांपुढे. टू हूमच्या खाली रेघ मारली. नाव लिहिलं नाही, पण मेधाने मागे वळून माझ्याकडे पाहिलं, मग पुढच्या बाकाने पाहिलं, मग सगळ्या वर्गाने. सगळ्यांनी ते उतरवून घेतलं. मीही घेतलं.

मधल्या सुट्टीत पाण्याच्या नळावर एक मुलगी म्हणाली, "ए टू-हूम, सरक ना."

तेव्हापासून ते माझं नाव झालं. टू-हूम. ए टू-हूम, पट्टी दे ना. टू-हूम आली, जागा करा. मुलगे जिन्यात ओरडायचे. ज्यांना नियम कळला नव्हता त्यांनाही हे नाव कळलं होतं. मला त्या नावाचा अर्थ मात्र पुरता कळला होता. देणारा नेहमी आय. घेणारी नेहमी हूम. टू हूम, फॉर हूम. ज्यांना देतात ते, ज्यांच्यासाठी करतात ते. बाईंच्या तोंडून निघणाऱ्या प्रत्येक वाक्यात मी हात पसरून उभी. रविवारचे गहू कुठल्याच वाक्यात नव्हते. माझी आई जी भांडी घासते त्यांच्यावर कधी कुणी वाक्य केलं नाही.

मग शाळेत तपासणी यायची ठरली.

तपासणी म्हणजे काय ते मराठी शाळेत शिकलेल्याला सांगायला नको. भिंतींना चुना, वर्गात तक्ते, आणि साहेबांपुढे घ्यायचा धडा आधीच पाठ करून ठेवायचा. कोण कुठे बसणार, कोण उत्तर देणार, सगळं ठरलेलं. बाईंनी जिवंत वाक्यांचा धडा बसवला. खिडकी कुणी म्हणायची, खुर्ची कुणी म्हणायची, वाटून दिलं. शेवटचं वाक्य मेधाचं.

मला त्यांनी घरी शिकवणीत सांगितलं. आई तिथेच फरशी पुसत होती.

"त्या दिवशी युनिफॉर्म नको घालूस. तो निळा फ्रॉक घालून ये. हेडसरांशी मी बोलले आहे. मेधा वाक्य म्हणेल तेव्हा तू पुढे येऊन उभी राहायचंस. साहेबांना दिसलं पाहिजे. आणि स्वच्छ धुवून आण हं."

मी काहीच बोलले नाही. बाईंनी ते हो समजलं. माझ्यासारख्यांच्या गप्प बसण्याला त्या घरात दुसरा अर्थच नव्हता.

"बाई," आई म्हणाली. फडकं हातातच होतं. "शाळंत शाळंचा डरेस घालत्यात ना?"

"अगं, तुला नाही कळायचं ते. हिचंच भलं आहे. साहेबांच्या नजरेत येईल."

आईने पुन्हा फरशीला हात घातला.

घरी आल्यावर तिने फ्रॉक धुतला. दोरीवर टाकला. मला वाटलं, झालं, हिने मान्य केलं. मी चुलीपाशी तोंड फिरवून बसले. मला तेव्हा मरून जावंसं वाटत होतं, आणि त्याहून जास्त, बाई मराव्यात असं वाटत होतं. दोन्ही लिहून टाकते, कारण दोन्ही खरं आहे.

फ्रॉक वाळला तसा आईने तो मांडीवर घेतला. बापाचं दाढीचं ब्लेड घेतलं. आणि एकेक करून बटणं कापायला लागली. मी बघत राहिले. बाप नुकताच कारखान्यातून आला होता, हात धूत होता. त्याने विचारलं, "काय चाललंय?"

आई म्हणाली, "फ्राक त्यांचा हाय. बटनं आपली हायेत."

बापाने मला विचारलं काय झालं ते. मी सगळं सांगितलं, टू-हूमसकट. त्याने ते नाव एकदा हळू आवाजात म्हणून पाहिलं. मग म्हणाला, "काम जाईल तुझ्या आईचं. शिकवणी जाईल. तुला चालंल?"

मला चालणार नव्हतं. दहावी समोर दिसत होती आणि इंग्रजीत गळालेल्या पोरांची ती गल्लीही दिसत होती. मी म्हटलं, "चालेल."

तपासणीच्या दिवशी मी युनिफॉर्म घालून गेले. ढगळ होता, वाढत्या अंगाचा, पण बापाने शिवून घेतलेला. बाईंनी प्रार्थनेलाच पाहिलं. दात आवळून म्हणाल्या, "फ्रॉक कुठाय?"

"आणलाय."

"मग मधल्या सुट्टीत बदल."

मी बदलला नाही. धडा सुरू झाला. साहेब मागच्या भिंतीशी खुर्चीवर, शेजारी हेडसर. बाईंची नजर माझ्यावर आली आणि पुढे गेली. साहेबांसमोर त्यांना काही बोलता येत नव्हतं, हे मला पहिल्यांदाच दिसलं. त्यांनाही कुणाची तरी भीती होती. खिडकी झाली. खुर्ची झाली. मेधा उठली आणि तिने तिचं वाक्य म्हटलं, न चुकता, ओठ गोल करून. साहेबांनी मान हलवली.

मी उठले. कापडी पिशवीतून फ्रॉक काढला आणि बाईंच्या टेबलावर ठेवला. वर्गात कुणीतरी "टू-हूम" म्हणून हळूच हसलं. साहेब पुढे आले. हा धड्याचाच भाग आहे असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी फ्रॉक कॉलरला धरून उचलला. पुढून तो उघडा पडला.

"याला बटणं नाहीत?" साहेब मराठीत म्हणाले.

"बाईंनी देताना काढून घेतली होती," मी म्हटलं. "मग माझ्या आईने आमची लावली. आता आमची आम्ही काढून घेतली. फ्रॉक मेधाचा आहे. तिला परत."

मेधाने मान खाली घातली. बाई पांढऱ्या पडल्या. साहेबांनी फ्रॉक खाली ठेवला, हात रुमालाला पुसले आणि म्हणाले, "बरं, बरं. बस. नेक्स्ट सेंटेन्स." कुणी बाईंना जाब विचारला नाही. कुणी माझी पाठ थोपटली नाही. वर्गाने पुढचं वाक्य म्हटलं. मी जागेवर जाऊन बसले.

त्याच संध्याकाळी बाईंनी आईला सांगितलं, "तुझ्या मुलीने चारचौघांत माझी अब्रू घालवली. माझ्या घरचं अन्न खाऊन. उद्यापासून येऊ नकोस."

आई म्हणाली, "तुमच्या घरचं अन्न न्हाई खाल्लं कधी. उष्टी घासली." एवढं बोलून तिने मोरी धुतली, भांडी पालथी घातली आणि चप्पल घातली. काम अर्धं टाकून ती आली नाही.

त्या सोसायटीत तिला पुन्हा काम मिळालं नाही. स्टेशनच्या पलीकडे, लांब, पायी जाऊन तिने दुसरी घरं धरली. मी विहारात अभ्यासाला बसू लागले. तिथे संध्याकाळी वस्तीतली पोरं जमायची. कॉलेजात जाणारी एक ताई आम्हाला इंग्रजी शिकवायची. तिला स्वतःलाच धड येत नव्हतं. आम्ही मिळून चुकायचो. दहावीला मार्चमध्ये मी इंग्रजीत नापास झाले. तिसऱ्या मजल्यावर समाधान झालं असणार. ऑक्टोबरला सुटले. तोवर मीही आईबरोबर दोन घरची भांडी घासली. माझं वर्ष गेलं. ते कुणी परत देणार नाही, आणि ते गेलं नसतं तर बरं झालं असतं, असंच मला आजही वाटतं. पण फ्रॉक घालून उभी राहिले असते तर बरं झालं असतं, असं एकदाही वाटलेलं नाही.

पुढे मी कॉलेज केलं, आणि विहारात त्या ताईची जागा घेतली. पोरींना इंग्रजी शिकवायला लागले. ज्या, जिला, ज्यांच्याकडून, सगळं शिकवते. बाईंचीच पद्धत वापरते, कारण पद्धत चांगली आहे आणि तिची किंमत आम्ही भरलेली आहे. खिडकीवर वाक्य करा, नळावर करा, पंख्यावर करा. समोर बसलेल्या माणसावर करायचं नाही.

त्या सुमारास मुलुंडच्या भाजीबाजारात बाई भेटल्या. बरोबर कुणी नातेवाईक होती. बाईंनी मला ओळखलं. चेहरा फुलला त्यांचा. त्या बाईला म्हणाल्या, "ही माझी विद्यार्थिनी बरं का. कामवालीची मुलगी. फुकट शिकवलं मी हिला. आता स्वतः शिकवते म्हणे."

"फुकट नाही बाई," मी म्हटलं. "तुमचे गहू निवडलेत मी. दोरीवरचे कपडे काढलेत. आणि फ्रॉक परत केलाय."

बाईंचा चेहरा उतरला. "इतकी वर्षं झाली," त्या म्हणाल्या, "अजून तेच धरून बसलीस?"

"हो," मी म्हटलं.

धरूनच बसणार आहे. ती बारीक पांढरी बटणं आईने नंतर माझ्या स्वतःच्या ब्लाउजला लावली, नव्या कापडाच्या, बापाच्या पगारातल्या. मी बाईंना माफ केलेलं नाही आणि करणार नाही. कुणाचं जुनं अंगावर घालणार नाही, घालू देणार नाही. आणि माझ्यासमोर बसलेल्या पोरीकडे बोट दाखवून, हिला आम्ही काय दिलं याचं वाक्य जो कुणी करेल, मराठीत करो नाहीतर इंग्रजीत, त्याची गाठ माझ्याशी आहे.